अर्धं अंडं

आमच्या गावी स्वस्तात यायचं असेल तर होडीत मागे बसू नका. तिथे इंजिन असतं, कान बधिर होतात. पुढेही नको, अंगावर पाणी उडतं. मधे, पोत्यांच्या आडोशाला बसा. चिकट भाताची पुडी जवळ ठेवा, कारण नाम ऊ नदीवर कुठे खोळंबा होईल याचा नेम नाही. होडी भरेपर्यंत थांबलात तर भाडं वाटून जातं, घाई असेल त्याने अख्खी होडी करावी. आणि कुणी मनगटाला पांढरा दोरा बांधला तर तो कापू नका. आपोआप गळून पडू द्या.

हे मी पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगत आलेय. माझं नाव वोंगदुअन. लाओसच्या उत्तरेला, जिथे अजून रस्ता आलेला नाही अशा गावात माझं लहानसं गेस्टहाउस आहे. नवरा गेल्यापासून मी आणि माझी मुलगी सेंगदाव ते चालवत होतो. थंडीत नदीतलं शेवाळ धुऊन, त्याचे पातळ पापड थापून, वर तीळ लावून छपरावर वाळवतो आणि विकतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. गेस्टहाउसमध्ये एक भूत आहे असं सांगूया, गर्दी वाढेल, असं सेंगदाव म्हणायची. मी म्हणायचे, आधी संडासाची कडी दुरुस्त कर बाई.

लुबोश आला तो स्लोव्हाकियातून. ताडमाड उंच आणि कमालीचा चिक्कू. वापरलेली चहाची पूड उन्हात वाळवून पुन्हा उकळायचा. सगळ्यात स्वस्त खोली कोणती, हा त्याचा पहिला प्रश्न. मी डुकरांच्या खुराड्यामागची खोली दाखवली. त्याने भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, उशी उचलून तिचा वास घेतला, मग मान डोलावली. आमची दारं ठेंगणी. आत-बाहेर करताना तो इतका वाकायचा की सेंगदाव त्याला मुद्दाम हात जोडून उलट नमस्कार करायची. कुणाचीही थट्टा केल्याशिवाय तिचा दिवस जात नसे.

त्याच सुमाराला ती नर्सिंग शिकायला व्हिएंतियानला निघाली. प्रवासाला निघणाऱ्या माणसाचे जीव आम्ही हाका मारून बोलावून घेतो. माणसात जीव एकच नसतो, पुष्कळ असतात, आणि ते भटके असतात. त्यांना अंगात परत आणायचं आणि दोऱ्याने मनगटाशी बांधायचं. ते काम माझ्या नवऱ्याच्या काकांचं, लुंग खामफेत यांचं.

लुबोशला हा विधी बघायचा होता. शहरात पर्यटकांना त्याचे पैसे पडतात म्हणे. सेंगदावने त्याला दंडाला धरून आपल्या शेजारी बसवलं. हाही निघणारच आहे ना, एकाच तबकात दोघांचं उरकून टाका, म्हणाली. लुंग कुरकुरले. तबक एकाचं असतं. त्यातलं उकडलेलं अंडं ज्याच्या हातावर ठेवायचं, त्यानेच ते खायचं. पण खाली घाटावर होडीवाला भोंगा वाजवत होता. सेंगदावने तबकातला पांढरा दोरा घेऊन अंडं मधोमध कापलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं त्याच्या तळहातावर ठेवलं. सगळे हसले, मीही हसले. लुंगनी दोघांची नावं एका दमात घेतली, जिवांनो घरी या म्हणून हाका मारल्या आणि घाईघाईत दोरे बांधले. ती गेली. लुबोश मात्र राहिला. व्हिसा संपेपर्यंत इथेच बरं, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं कपाळ चौकटीवर आपटलं. मग ते रोजच होऊ लागलं. टेंगूळ आलं तरी गडी ताठ चालत यायचा. वाकायचं विसरलास का, असं मी विचारलं. त्याने कपाळ चोळत चौकटीकडे पाहिलं.

"इथे मला कधी लागत नव्हतं," तो म्हणाला.

एकदा मी घाटावर असताना आभाळ भरून आलं. धावत वर आले तर छपरावरचे पापड आत नेलेले होते. तिळाची बाजू तिळाच्या बाजूला लावून रचलेले, आमच्या घरात रचतात तसे. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाला, असेच रचतात ना? आल्या दिवशी भाताला चमचा मागणारा हा माणूस आता बोटांनी गोळे वळून खात होता. कुणाला जवळ न येऊ देणारी आमची कुत्री त्याच्या पायाशी झोपायला लागली. बोलतानाही आमच्या बोलीतले शब्द मधेच त्याच्या तोंडून येत.

मग एका सकाळी मागून हाक आली, "मे."

मे म्हणजे आई. गमतीत बरेच पाहुणे मला तसं म्हणतात. पण ही हाक शेवटी लांबवलेली होती, काहीतरी हवं असलं की सेंगदाव लांबवते तशी. मी वळून बघितलं नाही. चुलीतलं लाकूड उगाचच मागेपुढे करत राहिले.

सेंगदावचे फोन येत होते. आधी तासभर बोलायची, मग थोडं, मग नुसती माझ्या प्रश्नांना उत्तरं. भाताने बोटं भाजतात म्हणून चमचा घेतला, म्हणाली. चहाची पूड वाळवून पुन्हा वापरते, म्हणाली. तिला शहराचं वारं लागलं, असं मी शेजारणीला हसून सांगितलंसुद्धा. मग एके दिवशी तिने विचारलं, "तुमच्या त्या कुत्रीचं नाव काय?"

तुमच्या, असं म्हणाली. फोन ठेवून मी तशीच उठले. एकुलती एक पोर आहे माझी.

मी लुंगकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "दोघांना पुन्हा माझ्यासमोर बसव. दोरे मनगटावर आहेत तोवर."

मी आजारी आहे असं खोटंच सांगून सेंगदावला बोलावून घेतलं. ती यायची त्याच दिवशी लुबोशला निघणं भाग होतं, व्हिसा संपत होता. तिची होडी सकाळी येणार, त्याची दुपारी सुटणार. तेवढा वेळ पुरेसा होता. मी दोन तबकं मांडली. दोन अंडी उकडली. लुंग येऊन बसले.

सकाळची होडी आली. तीत सेंगदाव नव्हती.

फोन लावला, लागला नाही. दुपारपर्यंत आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. मग होडीवाल्याने लुबोशची पिशवी आत टाकली. तो ढसाढसा रडत होता. एवढा मोठा बाप्या, पोरीसारखा माझी बाही धरून.

"मला नाही जायचं, मे."

मी त्याचं मनगट चाचपलं. दोरा होता, मळलेला, पण घट्ट. मी त्याला जाऊ दिलं. दुसरं करणार तरी काय होते?

सेंगदाव दुसऱ्या दिवशी आली. काल कुठे होतीस, मी ओरडलेच.

"होडी भरली नव्हती," ती म्हणाली. "थांबलं की भाडं कमी पडतं."

मी तिचा हात ओढून पाहिला. मनगट मोकळं होतं. दोरा भिजला की खाज सुटायची, म्हणून कात्रीने कापला, म्हणाली.

ती दारातून आत आली. माझ्या खांद्याएवढी पोर माझी. चौकटीखालून येताना ती वाकली.

आत उभी राहून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्यात स्वस्त खोली कोणती, ते अगदी नम्रपणे विचारलं.

मी मागची खोली दाखवली. तिने भिंतीवर टकटक केलं. उशी उचलून वास घेतला. मान डोलावली.

मला रडू फुटत होतं. पण मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा, एवढंच मी सांगितलं. सगळ्यांना सांगते तसं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी फोन वाजला. परदेशातला नंबर होता. आवाज पुरुषाचा होता, बोली आमच्या गावची.

"मे, आभाळ आलंय. पापड आत घे."

मी बाहेर पाहिलं. अंगणात लख्ख ऊन होतं. पण नदीपलीकडच्या डोंगरामागून एक काळा ढग वर येत होता.

"घेते गं, सेंगदाव," मी म्हणाले.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत ती आपल्या शर्टाची घडी घालत बसली होती. नाव ऐकून तिने मानही वर केली नाही.