सैल क्लॅम्प

गॉगलवाल्याला कंपनीचा पाइप नको होता. ‘बाई, गाडी कशी गुरगुरली पाहिजे,’ म्हणत त्याने बाहेरून आणलेला जाडजूड सायलेन्सर माझ्यापुढे ठेवला. असले शौक मला नवे नाहीत. बाहेरचा माल कधी सरळ बसत नाही. भोकं जुळत नाहीत, मागे बंपर आडवा येतो. मग कंपनीचीच गाडी कापा, घासा, वाकवा. आमचा धंदाच तो.

गॅरेजमागच्या खोलीत हे झोपून असतात. मधे नुसता पत्रा. जन्मभर वेल्डिंगचा धूर खाल्ला, आता डॉक्टरांनीही हात टेकलेत. ह्यांची घरघर ऐकतच मी काम करते. ती चालू आहे तोवर माझे हात चालतात. मला दुसरं आहेच कोण?

सकाळी गाडी स्टँडवर चढवली आणि गंजलेला नट सुटावा म्हणून जुन्या पाइपावर हातोडी मारली. आत हे खोकले. पुन्हा मारली, पुन्हा खोकले.

‘अहो, आवाजाचा त्रास होतोय का?’

‘आवाजाचं काही नाही गं. छातीवर कोणी ठोकल्यासारखं वाटतंय.’

‘पुरे झाली नाटकं,’ मी म्हटलं, पण हातोडी जरा हळू मारू लागले.

पाइप कापला. जोडावरच्या फ्लँजची, म्हणजे चकतीची, भोकं कानशीने लांबट केली, उष्णता अडवणारा पत्रा कातरला, बंपरला अर्धगोल खाच पाडली. नवा सायलेन्सर जोडून सांध्यावरचा क्लॅम्प असा आवळला की हत्तीनेही हलू नये. मग गाडी दाराबाहेर काढून सुरूच ठेवली.

आतली घरघर थांबली. धावत गेले तर हे उशीला टेकून बसलेले.

‘मिस्त्रीणबाई, आज चहा मिळेल का?’

श्वास स्वच्छ होता, खोल. मला रडूच कोसळलं. चहा देऊन डोळे पुसत बाहेर आले.

सांधा गळतोय का ते बघायची आमची एक रीत आहे. गाडी सुरू ठेवून सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा बोळा दाबायचा. फट असली तर तिथून फुसफुसतं. मी बोळा दाबला. कुठेच फुसफुस नाही. जमलं, म्हटलं. तेवढ्यात आत कप फुटला.

हे गळा धरून बसले होते, ओठ निळे. मी पाठ चोळते आहे, चोळते आहे, काही उपयोग नाही. मग बाहेर फट्‌ आवाज झाला. इंजिनाने बोळा उडवला आणि ह्यांना श्वास आला.

योगायोग, मी स्वतःला बजावलं. भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही मी. म्हणूनच बाहेर जाऊन किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. आत काहीच नाही. घरघरसुद्धा नाही. परत किल्ली फिरवायला गेले, तर पहिल्यांदा ती निसटलीच.

त्यानंतर गाडी बंद केली नाही. कॅनमधलं पेट्रोल ओतत राहिले. गॉगलवाल्याचा फोन आला, तेव्हा ‘काम राहिलंय, उद्या बघू,’ म्हटलं. उद्या काय करणार होते, कोण जाणे. त्याच्या पाया पडेन, नाहीतर गाडी पळवेन. डोकं नुसतं भणभणत होतं.

दुपारी ओल्या फडक्याने ह्यांचं तोंड पुसत होते. ओठांवरून फडकं फिरवलं तर त्यावर काजळी आली. मी ते घडी करून पदराखाली लपवलं.

तेवढ्यात ह्यांनी छाती भरून श्वास घेतला. मग त्याहून मोठा. मला हसू फुटलं. ‘बघा, कसा मोकळा झाला श्वास—’

बाहेरचा आवाज लांब जात होता.

दाराशी पोचले तेव्हा रस्ता रिकामा. तशीच आत येऊन गॉगलवाल्याला फोन लावला. ह्यांची छाती भात्यासारखी चालली होती. तो चढ चढत असावा.

‘काय गुरगुरते हो बाई!’ गॉगलवाला ओरडला. ‘सहज चक्कर मारली तर दारात सुरू करून ठेवलेली दिसली, म्हटलं आपल्यासाठीच. हाका मारल्या तुम्हाला!’

‘परत आणा. आत्ता.’

‘का? काय झालं?’

खरं काय सांगणार होते? तोंडाला आलं ते बोलले. ‘क्लॅम्प सैल राहिलाय. सायलेन्सर गळून पडेल रस्त्यात.’

‘अरे बाप रे!’

ह्यांचा श्वास मंदावला. हलका, एकसारखा झाला.

‘अहो, थांबू नका! चालवत या, तशीच चालवत या!’

‘काही ऐकू येत नाहीये, बाई. या आवाजात... एक मिनिट हं.’

ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

मग तो सैल पडला.

‘हं, केली बंद,’ गॉगलवाला म्हणाला. ‘आता कसं स्वच्छ ऐकू येतंय. बोला.’