काकूच्या बाथरूमबाहेरचं बटण

गीझर आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करणं हा माझा धंदा. रोज उघड्या वायरींत हात घालणाऱ्या माणसाने भुताखेतांवर विश्वास ठेवला, तर तो उपाशी मरेल. म्हणून सांगतो, पुढे लिहिलंय त्यात एक अक्षरही पदरचं नाही.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. बेलग्रेडपासून दोन-अडीच तासांवरचं किकिंडा गाव, स्टेशनजवळची जुनी इमारत, तिसरा मजला. शनिवार, सकाळचे अकरा.

लख्ख ऊन होतं. खाली अंगणात बायका आयवारच्या चटणीसाठी लाल मिरच्या भाजत बसल्या होत्या.

तिथे माझी रादिंकाकाकू एकटी राहते. वय एकाहत्तर. झिवानकाका जूनमध्ये गेले.

अंघोळ करता करता गेले...

आमच्याकडे प्रत्येक घरात एक नियम असतो. पाणी तापलं की गीझरचं बटण बंद करायचं, मगच आत पाऊल टाकायचं. बटण असतं बाथरूमबाहेर, घरातल्या चिंचोळ्या बोळातल्या भिंतीवर. जुन्या इमारतींच्या अर्थिंगवर इथे कुणी भरवसा ठेवत नाही.

काकांनी आयुष्यात ते बटण स्वतः बंद केलं नाही. ते आतून ओरडायचे, "रादिंका, बंद केलंस का?" आणि काकू हातातलं काम टाकून जायची. त्रेचाळीस वर्षं हेच चाललं.

त्या दिवशी ती दारात शेजारणीशी बोलत राहिली. विसरली.

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. काकूने मला एवढंच विचारलं, "नेनाद, माझ्यामुळे झालं का रे?"

मी गीझर उघडला. कॉइलला बोटभर चीर होती, म्हणजे करंट सरळ पाण्यात.

ती चीर मी आधीही पाहिली होती. मार्चमध्ये क्षार काढताना. तेव्हा केसाएवढी होती. चालेल अजून वर्षभर, म्हणून मीच सोडून दिली होती.

काकूला मी सांगितलं, गीझर ठणठणीत होता, काकांचं हृदयच गेलं. कॉइल कालव्यात फेकली. नवा गीझर फुकट बसवून दिला. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्यानंतर काकूचे फोन वाढले. मशीनच्या रबराला काळं धरलंय, काय लावू? फ्लशची टाकी गळतेय, वायसर बदलू का? शॉवरची भोकं बुजली, व्हिनेगरमध्ये किती वेळ ठेवू? रात्रभर ठेव म्हटलं, तर म्हणाली, तुझ्यापेक्षा व्हिनेगर बरं, सांगितलेलं काम करतं.

त्या शनिवारी सकाळी फोनवर असेच चार प्रश्न झाले. मग पाचवा आला.

"आणि हा गीझर आपोआप कसा रे चालू होतो? मी बंद करून आत जाते. साबण लावला की बोळात खट् वाजतं... आणि वरचा लाल दिवा लागतो."

बटण खराब असणार. अकराला जाऊन ते बदललं. दहादा दाबून पाहिलं, नीट चाललं.

पुढच्या शनिवारी पुन्हा फोन. पुन्हा तेच. फक्त ती आत असतानाच.

मी गेलो. तिला म्हटलं, तू अंघोळीला जा, मी इथे बसतो. स्टूल घेऊन मी बटणासमोर बसलो. बटण बंद होतं. घरात आम्ही दोघंच.

आत पाणी पडत होतं.

मग पाण्याचा आवाज थांबला. तिने साबण घेतला असावा.

बोळात गारठा आला... खिडकी बंद होती.

खट्.

माझ्या डोळ्यांदेखत बटण खाली गेलं. मी झेप घेऊन ते वर ढकलू लागलो. ते हलेना. बोटाखाली ते थरथरत होतं, पलीकडून कुणीतरी दाबून धरल्यासारखं.

"पाण्याला हात न लावता बाहेर ये," म्हणून मी काकूला ओरडलो, आणि मेन स्विचकडे धावलो.

त्याच दिवशी मी गीझर उतरवला. बटणाच्या वायरी कापल्या, टोकांना टेप गुंडाळली. काकूला सांगितलं, पार्ट बेलग्रेडहून यायचाय, तोवर पातेल्यात पाणी तापव.

तीन आठवडे पार्ट आला नाही. मी मागवलाच नव्हता.

काकूचे फोनही थांबले. एकही प्रश्न नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

परवा फोन आला. आवाज शांत होता.

"नेनाद, शनिवारी गीझर बसवून जा."

पार्ट अजून आला नाही, मी म्हणालो.

"पार्ट काही नकोय त्याला. चीर जुन्या कॉइलला होती, ह्या नव्याला नाही."

"मार्चमध्ये केसाएवढी होती म्हणे," काकू म्हणाली. "चार महिने मी रडले रे. मला वाटायचं, माझ्यामुळे गेला."

फोनमध्ये तिच्या मागे, बोळात काहीतरी वाजलं... खट्. वायर नसलेलं बटण.

"काकू, कोण आहे तिथे?"

"रागावलेला नाही तो. फक्त म्हणतो, नेनादनेच बसवायचा. आणि बसवून झाला की पहिली अंघोळ त्यानेच करायची. बटणाची काळजी करू नकोस. ते मी बघतो, म्हणतो."

फोन ठेवला गेला.

आज शुक्रवार. गीझर माझ्या गाडीत पडून आहे. नाही गेलो तर का आलो नाही, हे काकू विचारेल. मला तिला काय सांगावं, ते कळत नाही.