नवमीचं ताट

काम तसं साधं होतं. पुस्तक छापायला जाण्याआधी शेवटच्या प्रुफावर सही आणायची, बस्स. या बसा, सांगतो. सुयश, तो मोबाइल उलटा ठेव. आणि अवनी, बाल्कनीचा दिवा राहू दे बंद, गुरुग्राममध्ये काय उजेडाला तोटा आहे?

तर आमचे मुरलीधर सबनीस. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सरोजिनी नगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणारे. इथल्या मराठी घरांचे कुलवृत्तांत लिहायचे. कोण कुठून आलं, कुणाचं लग्न कुणाशी, सगळं. ही हकिगत त्यांनी स्वतः मला सांगितलीय आणि तो माणूस थापा मारणारा नाही.

हरिदासराव पेठकरांचं चरित्र त्यांनी लिहायला घेतलं होतं. हा गृहस्थ सत्त्याऐंशी साली सांगलीहून एक ट्रंक आणि नवी नवरी घेऊन गाझियाबादला आला. पत्रा कापायचा कारखाना टाकला, एकाचे चार केले, आणि गेल्या वर्षी सरकारी महामंडळाचा अध्यक्ष होऊन बसला. दारात पोलीस, मागे-पुढे माणसं. चरित्र हवंच होतं त्याला.

मुरलीधरांनी इमानाने लिहिलं. पहिली बायको वासंती, नवऱ्याच्या बरोबरीने मशीनवर उभी राहणारी, त्र्याण्णव साली कारखान्याच्या आगीत गेली. हरिदासरावांनी ते पान वाचलं आणि म्हणाले, "हे काढा. लग्न एकच, शालिनीशी. नसत्या चौकशा होतात." मग म्हणाले, "प्रतीकच्या बदलीचं बघतो मी."

प्रतीक म्हणजे मुरलीधरांचा मुलगा. त्याची गुवाहाटीला बदली निघाली होती. क्वार्टर जाणार, नातीची शाळा सुटणार. मुरलीधरांनी पान काढलं. फाडायला मात्र हात धजला नाही. घडी घालून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

वासंती कशी गेली ते त्यांना ठाऊक होतं ना! एका म्हाताऱ्या कामगाराने सांगितलं होतं. त्या संध्याकाळी तपासणीवाले अचानक आले. रात्रपाळीची परवानगी नव्हती. हरिदासरावांनी कामगार पिटाळले, वासंतीला म्हणाले, दिवे घालवून गप बस आत. शटर ओढलं, बाहेरून कुलूप घातलं आणि साहेबांना घेऊन फाटकाशी गेले. आत तारा पेटल्या. हा कामगार धावत गेला, "मालिक, भाभीजी अंदर हैं!" किल्ली खिशात असलेला तो माणूस साहेबांकडे बघून हसला आणि म्हणाला, "अंदर कोई नहीं है."

चीड येते ना? मला अजून येते.

आता अविधवा नवमी तुम्हा दिल्लीत वाढलेल्या पोरांना कुठून माहीत असणार. पितृपक्षातली नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं. ही शालिनीबाई मनाची चांगली. दरवर्षी सवतीच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, खीर-वडे करून. यंदा नवऱ्याने बजावलं, "पुस्तकात नाही ती ताटावरही नको. घरात फोटोवाले येतात."

पंधरा सप्टेंबर, दोन हजार पंचवीस. सोमवार. नवमीच होती. मुरलीधर पिंक लाइनने वेलकमला आले, तिथून रेड लाइनने गाझियाबाद. रात्री सव्वाआठला हरिदासरावांच्या बंगल्यावर, कोठीवर पोचले. जुन्या कारखान्याच्याच जागेवर बांधलेली कोठी. ते जुनं शटरसुद्धा हरिदासरावांनी हॉल आणि अभ्यासिकेच्या मधे बसवून घेतलं होतं. "इथून सुरुवात केली," म्हणून पाहुण्यांना दाखवायचे. काय म्हणावं या माणसाला!

हरिदासराव वर फोनवर होते. शालिनीबाई म्हणाल्या, "दोन घास खाऊन घ्या, येतीलच ते."

टेबलाशी एक बाई आधीच बसलेली होती. हिरवी साडी, ठसठशीत कुंकू, मान खाली. मुरलीधरांना वाटलं, घरातली कुणी पाहुणी. शालिनीबाईंना वाटलं, मुरलीधरांची बायको. त्यांनी तिला वाढलं.

ती जेवत होती. भराभर... खूप दिवसांची भूक असल्यासारखी.

मग म्हणाली, "खीर नाही केली?"

"यंदा नाही हो," शालिनीबाई म्हणाल्या.

"यंदा... कुणाच्या नावाचं ताट नाही?"

शालिनीबाईंचा हात तसाच राहिला, डाव वरणात. मुरलीधरांना जळक्या तेलाचा वास आला. त्यांनी त्या बाईच्या हातांकडे पाहिलं. बांगड्या होत्या. काचेच्या. वितळून मनगटाला चिकटलेल्या...

जिन्यावर पावलं वाजली. हरिदासराव उतरले.

तिने मान वर केली.

"अहो..." ती म्हणाली. "उघडा ना."

तो माणूस ओरडलासुद्धा नाही. मागे सरकला. अभ्यासिकेत शिरला. दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं.

खाडकन आवाज.



मग आतून... "उघडा."

मुरलीधर धावले. शटर हलेना. बाहेरून कुलूप होतं. जुनं, काळं पडलेलं. मघाशी नव्हतं, शपथेवर सांगतात ते. शालिनीबाईंनी घरातल्या सगळ्या किल्ल्या लावून पाहिल्या. एकही लागेना. आतून मुठी आपटत होत्या. "धूर... धूर आहे... उघडा रे!"

फटीतून धूर येत नव्हता. दिवा दिसत होता. एसीचा आवाज येत होता.

पोलीस शिपाई धावत आला. "अंदर कौन है?"



टेबलावरून उत्तर आलं. अगदी शांत.

"अंदर कोई नहीं है."

शिपाई मग पहार आणायला पळाला. कुलूप तुटेना. पंचवीस मिनिटं. मुरलीधर शटरला खांदा लावून उभे होते, काखेत पिशवी. पलीकडच्या मुठी हळू झाल्या. मग नखं. मग...

कुलूप तुटलं तेव्हा हरिदासराव शटरला टेकून बसले होते. डोळे उघडे. अंगावर एक डाग नाही. डॉक्टरांनी हार्ट म्हणून लिहिलं. टेबलावरचं ताट चाटूनपुसून स्वच्छ होतं आणि खुर्ची रिकामी.

मला त्या माणसाची दया येत नाही. मुरलीधरांची येते.

रात्री एकला ते टॅक्सीने घरी आले. झोप कुठली. ठरवलं, ते पान पुन्हा पुस्तकात घालायचं, मग बदली होवो नाहीतर काही होवो. पिशवीच्या आतल्या कप्प्यातून घडी काढली. जड लागली. उलगडली. कागद जसाच्या तसा, कुठे डाग नाही. आणि मधोमध, वासंतीच्या नावावर, एक किल्ली. काजळीने काळी झालेली.

पंचवीस मिनिटं ती त्यांच्या काखेत होती.