मेजरचा डावा कान

कुत्रा घेऊन भिंगारच्या मार्कपप्पांना काय मिळणार होतं, ते आधी बघू. एक म्हणजे गल्लीत मान. दुसरं म्हणजे संगमनेरच्या मेव्हण्याचा तोरा उतरणार होता. यशयामामांकडे 'जर्मन' कुत्रा होता आणि ते दर नाताळात तासभर त्याच्याबद्दल ऐकवायचे. शिवाय सकाळी फिरायला सोबत. हे तिसरं मात्र पप्पा सोडून कुणालाच खरं वाटत नव्हतं.

"साधासुधा कुत्रा नाही, सैन्यातून निवृत्त झालेला मेजर!" पप्पा म्हणाले. "सरहद्दीवर गोळी त्याच्या कानाला चाटून गेलीय!"

"मग निवारा केंद्रातला तीळ?" त्यांच्या मुलीनं, सारानं विचारलं.

"फुकट देतात म्हणजे काहीतरी खोट असणारच! मेजर विकणारा वाल्मिकशेठ खात्रीचा माणूस आहे."

खात्री कोणी करून घेतली होती, हे विचारायचं सारानं टाळलं. सुट्टी लागल्यापासून ती, धाकटा नोहा आणि शेजारचा कल्याण पाथर्डी रस्त्यावरच्या प्राण्यांच्या निवारा केंद्रात मदतीला जात. तीळ हा तिथला पांढराशुभ्र कुत्रा, फक्त नाकाच्या वर एक काळा ठिपका. चमचा थाळीवर वाजला की बाकीचे कुत्रे भुंकत सुटायचे. तीळ मात्र खाली बसून उजवा पाय वर करायचा, जणू वर्गात हजेरी देतोय! पप्पांना मनवून त्याला घरी आणायचं, एवढीच साराची या सुट्टीतली इच्छा होती.

पण त्याच दिवशी तिळाचा पिंजरा रिकामा दिसला.

"कालच नेला गं, शेतावर राखणीला म्हणून," केंद्रातल्या सत्यशीलाताई म्हणाल्या. "आधी त्या माणसाच्या भावानं दोन नेले होते. तोच पिवळा टेम्पो. शेत आहे की छावणी, कोण जाणे!"

साराच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथंच थांबलं.

"कल्याण, वाल्मिकशेठचा टेम्पो कुठल्या रंगाचा?"

"पिवळा! पर भिंगारात पिवळे टेम्पो लई हायेत."

"आणि मेजर विकणारे?"

कल्याणनं डोकं खाजवलं. "येकच हाय."

संध्याकाळी पप्पा पांढरी पँट घालून वाल्मिकशेठच्या अंगणात पोचले. मागून तिन्ही मुलं होतीच.

"या साहेब! मेजर, सलाम कर!" शेठनं साखळी ओढली. मेजर काळा कुळकुळीत होता आणि चमकत होता. डाव्या कानाच्या टोकाला खाच होती. साराला बघून तो शेपटीसकट सगळा हलायला लागला.

"लष्करी शिस्त! मुलांवर पहिल्या भेटीत माया," शेठ म्हणाले. "पण लवकर ठरवा. संगमनेरचं गिऱ्हाईक वाटेत आहे."

नोहानं नाक मुरडलं. "ताई, याला बुटाच्या पॉलिशचा वास येतोय!"

"गप!" सारा कुजबुजली. हा तीळ आहे म्हणून आत्ता ओरडलं, तर पप्पा म्हणणार, हट्ट चाललाय. तिनं आवाजात साखर घातली. "काका, मेजर एकटाच? पप्पा जोडी घेतीलसुद्धा!"

जोडी म्हणताच शेठचे डोळे लकाकले. आतून कॅप्टन आला, सुभेदार आला. कल्याण तिघांसमोरून पाहणी करत फिरला.

"काका, शत्रूचा नेम लई भारी हाय! ह्याचा बी डावाच कान, त्याचा बी डावाच! येकाच जागी!"

"ते... एकाच लढाईत होते ना!"

पप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू अडकलं.

"पप्पा, केंद्रात नसबंदीचं ऑपरेशन करताना, कुत्रा बेशुद्ध असतानाच कानाला ही खाच पाडतात," सारा म्हणाली. "त्याला पुन्हा कुणी ऑपरेशनला पकडून नेऊ नये म्हणून. नोहा, वाजव!"

नोहानं तिथलीच थाळी उचलून चमच्यानं बडवली. कॅप्टन आणि सुभेदार भुंकत सुटले. मेजर खाली बसला आणि त्यानं उजवा पाय वर केला!

मग त्यानं तोच पाय पप्पांच्या पांढऱ्या पँटवर ठेवला. काळा पंजा उमटला! पप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि कुत्र्याचं तोंड पुसलं. काळं गेलं, पांढरं आलं. मधोमध एक ठिपका तेवढा राहिला.

"हा तर तुमचा तीळ!" पप्पा ओरडले.

इतक्यात फाटकाशी जीप थांबली. संगमनेरचं गिऱ्हाईक उतरलं, आणि ते होते यशयामामा!

"दाजी, तुम्ही इथे?" मामा चाचरले. "मी आपला... याच शेठकडून दुसरा एक..."

"याच शेठकडून?" पप्पांनी सावकाश विचारलं. "यशया, तुझ्या जर्मनचा डावा कान कसा आहे रे?"

मामा मागे सरकून जीपचं दार चाचपायला लागले.

कल्याणनं फोन केला आणि सत्यशीलाताई पोलिसांना घेऊन आल्या. पॉलिश बघून त्या शेठवर कडाडल्या, "हे चाटून पोटात गेलं असतं म्हणजे?" मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "शाब्बास रे! आमच्या नजरेतून सुटलं ते तुम्ही पकडलंत."

"आणि तिळात खोट काय आहे, ताई?" पप्पांनी हळूच विचारलं.

"काही नाही. लसी झाल्यात, ऑपरेशन झालंय. मोठा झालाय, त्यामुळे स्वभाव कळलाय. लेकरांवर कधी गुरगुरला नाही. आणि तुम्ही नेलंत तर त्याच्या जागी रस्त्यावरचं एखादं जखमी जनावर ठेवता येईल."

पप्पा साराकडे वळले. "चुकलो, बाळा. घरी घेऊन चल त्याला."

तर शेवटी कुणी काय मोजलं? वाल्मिकशेठनी अब्रू. यशयामामांनी नाताळातलं तासाभराचं भाषण. पप्पांनी एक पांढरी पँट आणि रोजची साखरझोप, कारण तीळ पहाटे उठवतोच. मुलांना काहीच मोजावं लागलं नाही.

आणि तिळानं? त्यानं आपला वाटा आधीच भरला होता, डाव्या कानाचा एक तुकडा. त्यानंतर त्याच्याकडून कुणी काहीही घेतलं नाही.