दातांनी तोडलेला दोरा

थोरल्या बहिणीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. कोण कुठली हे घरात कुणाला कळेना. एकीला दोनदा दूध आणि दुसरी उपाशी, असा सगळा कारभार! त्यांची धाकटी मावशी मात्र डोळे मिटून सांगायची, कोण रडतेय ते. तिची नोकरीच कानांची होती.

गाण्यांच्या कंपनीत नवं गाणं बाहेर पडण्याआधी धाकटीच्या टेबलावर यायचं. चाल कुणाची उचललीय, की नुसती कुणाची सावली पडलीय, हे ती सांगायची. नियम सोपा होता. "सूर मोजके, माणसं उदंड. सूर जुळणारच. पण चूक जुळली, की चोरी!"

एका सकाळी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत ती आणि एक विस्कटल्या केसांचा तरुण. वेळ जावा म्हणून तो गुणगुणू लागला... आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

ती चाल तिच्या आईची होती. शिवणाच्या मशीनवर बसून आई गुणगुणायची. तिसऱ्या ओळीत एक सूर हमखास गळायचा — तिथे आई दातांनी दोरा तोडायची. याचाही सूर तिथेच गळला. नेमका तिथेच. आणि आई गेल्यापासून ती चाल कुणी ओठांवर आणली नव्हती.

"कुठून ढापलीत?"

"अहो, ओळख ना पाळख, एकदम चोरच?" तो हसला. "माझं पहिलं गाणं आहे. वरती कानवाल्या बाईंकडे तपासायला द्यायचंय. भारी खडूस आहेत म्हणे."

"आहेच मी खडूस."

त्याचा चेहरा असा काही पडला, की भीतीतसुद्धा तिला हसू फुटलं. मग लिफ्ट हलली.

साहेबांना संध्याकाळपर्यंत शेरा हवा होता. 'चोरी' लिहिलं, तर गाणं रद्द आणि इथलं दार त्याला कायमचं बंद. 'प्रेरणा' लिहिलं, तर आईची चाल परक्याच्या नावावर.

"खरं सांगा," ती टेबलापाशी म्हणाली. "चाल सुचली, की मिळाली?"

त्याने विस्कटलेले केस मागे सारले. "मिळाली. मी भाड्याने राहतो, तिथे वरच्या खोलीतल्या बाई दुपारी गुणगुणतात. मशीनही ऐकू येतं. कितीदा वर गेलो, परवानगी मागायला... पण दाराला कुलूप."

"कुठलं घर?"

त्याने पत्ता सांगितला. तिने पर्समधून किल्ली काढली. ते घर तिच्या बाबांचं. खालचा मजला दलालामार्फत भाड्याने दिलेला. वरची खोली आईनंतर बंद.

दुपारी दोघं जिना चढले. कुलूप कुरकुरलं. आत बोटभर धूळ — जमिनीवर, खिडकीत, मशीनवर. पायडल तेवढं लखलखीत. सुईतून दोरा लोंबत होता. तिने टोकाला बोट लावलं.

ओलं होतं.

त्याने तिचा हात धरला. कोण कुणाला धीर देतंय, दोघांनाही कळेना.

"लिहून टाका, चोरी," तो पुटपुटला.

"तीन वर्षं मी घाबरून इथे आले नाही. म्हणून माझ्या आईने ती चाल तुम्हाला ऐकवली. जी तिने स्वतः दिली, तिची चोरी कशी?" तिने कागद गुडघ्यावर धरून शेरा लिहिला : चाल — वरच्या खोलीतल्या बाईंची. शब्द आणि वाद्यं — खालच्या भाडेकरूची.

"म्हणजे शिक्षा नाहीच?"

"आहे ना. तो गळलेला सूर भरायचा नाही. आणि... रोज दुपारी मला ऐकवायचं."

"रोज? ही तर जन्मठेप झाली!"

"नको असेल तर —"

"नको कोण म्हणतंय? पण आईंना विचारायला हवं."

त्यांच्या मागे पायडल एकदाच हललं.

"विचारलं," ती म्हणाली, आणि तिने हात सोडवून घेतला नाही.

आई वारली ती जुळ्यांच्या जन्माआधी तीन वर्षं, एका बुधवारी, दुपारी सव्वादोनला, त्याच मशीनवर, दोरा दातांत धरून.