अठ्ठावीसची खूण

"परत वर!" संघप्रिया दातओठ खात पुटपुटली.

सहावा बाणही तसाच गेला होता. सोनेरी वर्तुळाच्या थेट वर, वीतभर अंतरावर, लाल आणि निळ्याच्या सीमेवर. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. फक्त वर! सलग तिसऱ्या फेरीत बाणांचा तोच घोळका, त्याच जागी.

दिवाळीच्या सुट्टीत येलदरीच्या धरण वसाहतीच्या मैदानावर जिल्ह्याची धनुर्विद्या स्पर्धा भरली होती. पहिल्या दिवशी सपाट मैदानावर तीस मीटर आणि वीस मीटर. दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या झाडाझुडपांतून फिरत फिरत मैदानी फेरी. दोन्ही दिवसांचे गुण मिळून पहिल्या चार मुली लातूरला विभागीय स्पर्धेला जाणार होत्या. पेडगावची संघप्रिया वर्षभर त्या चारांत येण्यासाठी राबत होती.

"सर, मी टाचणी हलवते," ती मागं वळून म्हणाली. तिच्या बांबूच्या धनुष्याला नेम धरायला एक टाचणी चिकटवलेली होती. बाण वर जात असेल तर टाचणीही वर सरकवायची, एवढं सोपं होतं ते!

"अजिबात हलवू नको," नागनाथ सर दोरीपलीकडून म्हणाले. सर शाळेत खेळ शिकवायचे. स्वभावानं मायाळू, पण कुणी आवाज चढवला की लगेच मागं सरणारे. "तीसची खूण आपण शंभरदा तपासलीय. टाचणी बरोबर हाय. तुझा हात चुकायलाय. घाबरलीस तू!"

"मी घाबरले न्हाई, सर!"

घाबरली तर नव्हतीच. चिडली होती. शेजारच्या लक्ष्यावर भक्ती नावाची मुलगी डोळे पुसत होती, कारण तिचेही बाण वरच चालले होते.

चौथ्या फेरीची शिट्टी वाजली. संघप्रियानं एकदा सरांकडं पाहिलं, एकदा लक्ष्याकडं पाहिलं आणि टाचणी वर सरकवली. तिच्या धनुष्यावर पेनानं आखलेल्या तीन खुणा होत्या. तीसची, वीसची आणि त्यांच्यामध्ये अठ्ठावीसची. घरामागं लिंबाच्या झाडापर्यंत जेमतेम अठ्ठावीस मीटर जागा होती, म्हणून रोजच्या सरावासाठी ती खूण तिनं स्वतःच केली होती. तिनं टाचणी नेमकी त्या खुणेवर आणली, श्वास रोखला आणि बाण सोडला.

थप्प! सोनेरी!

दुसरा सोनेरी! तिसरा लालमध्ये, चौथा पुन्हा सोनेरी!

"बघा, सर!" ती ओरडली, आणि ओरडल्याबद्दल तिला ताकीद मिळाली.

मग वीस मीटरची पाळी आली. लक्ष्यं तिथंच राहिली, उभं राहायची रेषा तेवढी पुढं आली. टाचणी वीसच्या खुणेवर, आणि बाण जिथं हवे तिथं. काहीही चुकलं नाही. पण पहिल्या तीन फेऱ्यांत गेलेले चाळीसेक गुण आता कुठून आणायचे? तिचा नंबर अकरावा लागला होता.

"सही कर," गुणपत्रक पुढं करत बन्सीधरराव म्हणाले. मैदान आखणं, लक्ष्यं उभारणं, सगळी व्यवस्था त्यांच्याकडं होती. गळ्यात शिट्टी, हातात कागदांचा गठ्ठा आणि कपाळावर घाई.

संघप्रियानं हात मागं घेतला. "मी सही करणार न्हाई."

"काय?"

"तीस मीटरचं अंतर चुकलंय, काका. मैदान परत मोजा, मग करते सही."

बन्सीधरराव आधी हसले, मग लाल झाले. "पंधरा वर्सं झाली, मी मैदानं आखायलोय! आन तू, एवढीशी पोरगी, मला अंतर शिकवायलीस? हरली की जमीन वाकडी व्हय?"

"जमीन वाकडी म्हणले न्हाई मी. अंतर कमी हाय म्हणले!"

आवाज ऐकून मुख्य पंच सविता मॅडम आल्या. त्या बाहेरच्या जिल्ह्यातून आल्या होत्या आणि सकाळपासून कुणाशीही जास्तीचं एक वाक्य बोलल्या नव्हत्या.

"सही नसेल तर पत्रक बाद होतं. माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"माहीत हाय, मॅडम."

"मग?"

संघप्रियानं मान वर केली. तिची आई पंचायत समितीत लेखनिक होती. न पटलेल्या कागदावर सही करायची नाही, मग समोर कुणीही असो, हे तिनं घरात इतक्यांदा ऐकलं होतं की आता दुसरं काही तोंडातून निघालंच नसतं. "मग बाद करा. पण चुकीच्या अंतरावर माझी सही मिळणार न्हाई!"

नागनाथ सरांनी डोक्याला हात लावला. "अगं, कशाला वाद... मॅडम, लहान हाय ती, माफ करा..."

"माफी नका मागू, सर," संघप्रिया हळूच पण ठामपणे म्हणाली.

सविता मॅडमनी घड्याळ पाहिलं. "पाच वाजता निकाल लागेल. तोवर पुरावा आण, नाहीतर सही कर. रडगाणं ऐकायला मला वेळ नाही."

चार वाजले होते.

बाभळीच्या सावलीत तिघांची बैठक बसली. संघप्रिया, तिच्याच वर्गातली वैष्णवी आणि मुलांच्या गटात सकाळी शेजारच्या दुसऱ्या मैदानावर खेळून मोकळा झालेला परमेश्वर. तिघंही पेडगावचे, तिघांनाही एकाच एस.टी.नं आणलेलं.

"संघे, लय भारी बोललीस!" वैष्णवी म्हणाली. "पण आता करायचं काय?"

"आधी विचार. अठ्ठावीसच्या खुणेवर बाण सोनेरीत गेला. म्हणजे लक्ष्य अठ्ठावीस मीटरवर हाय. दोन मीटर खाल्ले कुणीतरी!"

"मग वीसचं कसं बरोबर आलं?" परमेश्वरनं विचारलं. "मोजणाराच वेडा असंल तर दोन्ही चुकायला पाहिजेत की!"

संघप्रियानं काडीनं मातीत वीस लिहिलं, मग तीस लिहिलं.

"आन एक गोष्ट," वैष्णवी म्हणाली. ती एक ते चारमधल्या लक्ष्यांवर खेळली होती. "माझे बाण तर नीट गेले. माझ्या शेजारणीचेही."

संघप्रिया ताडकन उठली. मैदानाच्या मधोमध बाभळींची दाट रांग होती. तिच्या पलीकडं एक ते चार लक्ष्यं, अलीकडं पाच ते आठ. एका बाजूला उभं राहिलं की दुसरी बाजू दिसायचीच नाही!

"दोन्ही बाजू कुणी मोजल्या?"

"पलीकडची आमच्या समोर मॅडमनी मोजली, लोखंडी टेपनं. इकडची बन्सीधरकाकांनी काल संध्याकाळीच मोजून ठिवली होती म्हणं."

"म्हणजे पलीकडचं बरोबर! मग आपल्याला टेप कशाला पाहिजे? एक लांब दोरी बास हाय. पलीकडं ताणायची, गाठ मारायची, तीच इकडं आणून ताणायची!"

"दोरी कुठली?" परमेश्वर म्हणाला, आणि स्वतःच उत्तर सापडल्यासारखा धरणाच्या पाण्याकडं पळाला.

काठावर सरजाबाई जाळं विणत बसल्या होत्या. पूर्णेच्या पाण्यावर उभा जन्म काढलेली बाई. मुलांना धापा टाकत येताना पाहून त्यांनी सुई बाजूला ठेवली.

"मावशी, लांब दोरी देता का? तासाभरात आणून देतो!"

"कशाला रे लेकरांनो?"

"मैदान मोजायला! मोठ्या माणसानं चुकीचं मोजलंय, आन ते ऐकून घेईनात!"

सरजाबाईंना हसू फुटलं. "आसं व्हय? मग ही घ्या. जाळ्याच्या वरच्या काठाची हाय, कितीबी वढली तरी लांबत न्हाई. आन चांगली ताणून धरा, ढिली सोडू नका!"

साडेचारला तिघं बाभळींच्या पलीकडं होते. तिसऱ्या लक्ष्यासमोर वैष्णवीनं तीस मीटरच्या रेषेवर दोरी धरली, परमेश्वरनं लक्ष्यापर्यंत ताणली आणि नेमक्या जागी गाठ मारली. मग तिघं दोरी गुंडाळून इकडं धावले. सहावं लक्ष्य. रेषेवर वैष्णवी, लक्ष्यापाशी परमेश्वर.

"ताण!"

"ताणलीय!"

"गाठ कुठं आली?"

परमेश्वर लक्ष्याच्या मागं गेला होता. एक पाऊल. दोन पावलं. "संघे... गाठ लक्ष्याच्या पार मागं गेलीय! लय मागं!"

"काय चाललंय मैदानात?"

बन्सीधरराव तरातरा येत होते. मागोमाग आवाज ऐकून जमलेली माणसं, नागनाथ सर आणि सविता मॅडम. संघप्रियानं एका दमात सगळं सांगितलं.

"दोरीनं मैदान मोजतात का कुठं?" बन्सीधरराव गरजले. "थांबा! आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावतो!"

त्यांनी पेटीतून आपली कापडी टेप आणली. परमेश्वरच्या हातात एक टोक दिलं, रेषेवर धरायला लावलं आणि स्वतः लक्ष्यापर्यंत उलगडत गेले. सगळे वाकून बघू लागले.

आकडा होता तीस. बरोब्बर तीस!

"बघितलं?" बन्सीधररावांचा आवाज मैदानभर घुमला. "आता कर सही!"

वैष्णवीचा चेहरा उतरला. परमेश्वर मान खाली घालून उभा राहिला. नागनाथ सर पुढं झाले, "चल बाळा, झालं आता..."

संघप्रियाचे कान तापले होते. दोरी खोटं बोलणार नव्हती. तिचे बाणही खोटे नव्हते. मग खोटं कोण?

ती जमिनीवर बसली आणि रेषेपासून टेपवरून बोट फिरवत निघाली. "एक... दोन... तीन..."

"आता काय पाढे म्हणायलीस का?" कुणीतरी हसलं.

ती थांबली नाही. गुडघे मातीनं माखले. "अठरा... एकोणीस... वीस... एकवीस... बावीस..."

बोटाला काहीतरी लागलं. जाडसर. तिनं टेप उलटी केली. बारीक टाके घालून दोन तुकडे जोडले होते. टाके इतके सुबक होते की वरून पत्ताच लागला नसता. तिनं पुढचा आकडा वाचला आणि पुन्हा वाचला.

"चोवीस!" ती ओरडली. "मॅडम, बावीसला चिकटूनच थेट चोवीस हाय! मधले दोन मीटर गायब हायत!"

सगळे टेपवर झुकले.

"म्हणून वीस मीटर बरोबर आलं!" परमेश्वर उड्या मारू लागला. "फाटलंय ते वीसच्या पुढं!"

सविता मॅडम खाली बसल्या. टाके पाहिले, आकडे पाहिले, स्वतःची लोखंडी टेप मागवली आणि अंतर मोजलं. अठ्ठावीस मीटर!

बन्सीधररावांच्या गळ्यातली शिट्टी तेवढी हलत होती. "ट्रॅक्टरखाली आली होती गेल्या वर्षी," ते कसंबसं म्हणाले. "शिवून घेतली... मधला चेंदामेंदा झालेला तुकडा टाकून दिला आसंल. माझ्या ध्यानातच न्हाई राहिलं."

"आणि मोजल्यावर दुसऱ्या टेपनं पडताळलं नाही," सविता मॅडम म्हणाल्या. मग स्वतःच थांबल्या. "मीही पडताळलं नाही. ते माझं काम होतं."

पाच ते आठ लक्ष्यांवरच्या मुली उद्या सकाळी तीस मीटर पुन्हा खेळतील, असं त्यांनी जाहीर केलं. पहिल्या नंबरावर बाभळींपलीकडं खेळलेली गंगाखेडची साक्षी होती. काही पालक तिच्या बाजूनं कुरकुरू लागले, तशी साक्षीच पुढं आली. "खेळू द्या की! आसं जिंकून मला घरी काय सांगायचंय?" संघप्रियाला ती तिथल्या तिथं आवडून गेली.

सकाळी मुलांची टेकडीवरची फेरी चालू असताना सविता मॅडमनी इकडं स्वतः अंतर मोजलं. संघप्रियानं टाचणी तीसच्या खुणेवर ठेवली, आणि यावेळी नागनाथ सर एक शब्दही बोलले नाहीत. छत्तीस बाण. वारा होता, दोन बाण भरकटले, बाकीच्यांनी लाल-सोनेरी सोडलं नाही. भक्तीसुद्धा आज हसत होती. पत्रक समोर आलं तेव्हा संघप्रियानं एकेक आकडा वाचला, मग ठसठशीत सही केली. साक्षीपेक्षा ती सहा गुणांनी मागं होती. दुसरी!

टेकडीवरची मैदानी फेरी मात्र सोपी नव्हती. कुठं चढावर नेम, कुठं खाली पाण्याच्या दिशेनं, कुठं दोन झुडपांच्या फटीतून. प्रत्येक खुंटीपाशी नवं अंतर. फेरीआधी बन्सीधररावांनी सगळ्या खुंट्या लोखंडी टेपनं पुन्हा मोजल्या होत्या, आणि टेपचं दुसरं टोक त्यांनी वैष्णवीच्या हातात दिलं होतं. दगडाळ उतारावर संघप्रियाचा पाय घसरला, एक बाण थेट झुडपात गेला. ती उठली, गुडघा झटकला, पुढचा बाण सोनेरीत घातला.

दोन्ही दिवसांच्या बेरजेत साक्षी पहिली, संघप्रिया तिसरी. भक्तीही चौथी आली होती. लातूरचं पक्कं!

बक्षीस समारंभात माइक आधी बन्सीधररावांनी घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. "चूक माझी होती," ते म्हणाले. "या लेकरांनी दोरी धरून मला दाखवली. मी त्यांच्यावर वरडलो, तीबी चूकच. पोरी, तुझा हात न्हाई चुकला, माझा चुकला." टाळ्यांचा कडकडाट झाला. नागनाथ सर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते आणि शेजारच्यांना सांगत होते, "माझ्या शाळेतली हाय!" मागं उभ्या सरजाबाईंनी तर शिट्टीच घातली.

सविता मॅडमनी संघप्रियाच्या गळ्यात पदक घातलं. "पंधरा वर्षं पंच आहे मी," त्या म्हणाल्या. "चुकीच्या पत्रकावर सही न करता इतकं ठाम उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शाब्बास! तुझ्या दोस्तांनाही शाब्बास!" मग गालातल्या गालात हसल्या. "आता तर काही तक्रार नाही ना?"

सगळे हसले. संघप्रियानं हात वर केला.

"हाय, मॅडम."

हसू थांबलं. नागनाथ सरांनी डोळे मिटून घेतले.

"दोन्ही दिवस मुलांची फेरी सकाळच्या गारव्यात ठिवली आन आमची टळटळीत उन्हात. आज टेकडीवर पोरींचे पाय भाजले. पुढच्या वेळी आमी आधी का न्हाई?"

 मांडवात मागून साक्षी ओरडली, "बरोबर हाय!" आणि बघता बघता सगळ्या मुली उभ्या राहिल्या.

सविता मॅडमनी बन्सीधररावांकडं पाहिलं. बन्सीधररावांनी खिशातून पेन काढलं, कागदांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "सांग बाई. एकेक सांग, लिहून घ्यायलोय."