साबणवाल्याचा जनरेटर

दार लोटून घे. कडी नको, नुसतं लोट. आणि हातात जे काही खाताय ते आधी संपवा. नंतर घास उतरला नाही तर मला बोल लावू नका.

माझ्या धाकट्या साडूची ही गोष्ट. त्याच्या तोंडून ऐकलेली, आणि शेवटचा भाग माझ्या डोळ्यांनी पाहिलेला. साडू डिझेल इंजिनाच्या पंपांचं काम करायचा. पाणी उपसायचा पंप नव्हे रे, इंजिनाला डिझेल पाजणारा पंप. प्रत्येक सिलिंडरला नेमक्या क्षणी नेमका घोट द्यायचा, हे त्याचं काम. घोट जरा लवकर गेला तर इंजिन ठोके मारतं, उशिरा गेला तर धूर ओकतं. हल्ली हे जुळवायला मशिनं आली. आमचा साडू लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "तिसरा मागे पडतोय." म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी, सतरा जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी त्याला साबणाच्या कारखान्यातून फोन आला. कारखाना बायपासच्या पलीकडे, एकटाच. दुपारपासून वीज गेलेली आणि जनरेटर चालू होईना. कढईत माल अर्धवट शिजलेला, ढवळणारी मोटर बंद. शेठ म्हणाला, "पंप जाम झालाय. दुसरा घेऊनच या, नाहीतर सकाळपर्यंत कढईत दगड होईल."

त्याच बनावटीचा एक दुरुस्त केलेला पंप दुकानात होता. साडूने तो गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर पायाशी ठेवला. मेहुणी म्हणाली, "जेवून जा." हा म्हणाला, "तासाभराचं काम आहे, आल्यावर बसतो." साडेआठला निघाला.

आता साबण म्हटलं की तुम्हाला सुगंध आठवतो. अरे, सुगंध शेवटी घालतात. त्याआधी असते ती चरबी. फाटकाच्या गजाला साडूने हात लावला तर तळहात बुळबुळीत. जमिनीवर पाऊल टाकलं की चिकटायचं, उचललं की चट् आवाज. भिंतीवरच्या बटणांवर पिवळट थर, त्यात माश्या रुतलेल्या. काही अजून पाय हलवत होत्या. आणि या सगळ्यात शेठ उभा, पांढराशुभ्र शर्ट, नखं कापलेली. दर दोन मिनिटांनी रुमालाला हात पुसायचा.

सोबत म्हातारा राखणदार, टॉर्च धरायला. बाकी कामगार घरी गेलेले.

साडूने काम सुरू केलं. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने फिरवून खूण जुळवली, पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वर आणला. मग पंपाच्या नळ्या सोडायला घेतल्या. पहिल्या नळीचं नट ढिलं केलं. डिझेल यायला हवं होतं पाण्यासारखं. आलं ते... ट्यूब दाबल्यावर पेस्ट येते ना, तसं. पांढरट-पिवळं. थंड. वेटोळं घालत बाहेर आलं आणि त्याच्या बोटांवर बसलं. वास शिळ्या तळणीचा. त्या वासाखाली आणखी एक वास होता, गोडसर.

"शेठ, टाकीत काय घातलंय?"

"डिझेलच. थोडी चरबी मिसळतो हो. उरलेली असते, टाकायची कुठे?"

"इंजिनाला चरबी पाजता? मग पंप जाम होणार नाही तर काय होणार!"

शेठ कढई बघायला आत गेला.

साडूने फिल्टर उघडला. कागदाच्या घड्यांत तीच साय, आणि सायीत केस. आखूड. काही काळे, काही पिकलेले. साडूला वाटलं, जनावराचे असतील. तेवढ्यात टॉर्चचा उजेड बाजूला गेला.

"काका, धरा ना नीट."

"बघू नका साहेब. नवा पंप बसवा आणि जा."

"का? काय झालं?"

म्हातारा कुजबुजला, "आमचा कढईवाला असता तर असलं काही टाकीत घालू दिलं नसतं. शेठ म्हणतात, तो महिन्यापूर्वी गावी गेला. रात्रपाळीतनंच." मग आतल्या दाराकडे पाहून म्हणाला, "चपला इथंच ठेवून गेला."

साडूने एकदा फाटकाकडे पाहिलं. पण हातातलं काम अर्धं टाकणारा माणूस नव्हे तो. त्याने एक शहाणपणा केला. त्या टाकीचा नादच सोडला. स्वतःच्या स्कूटरवर पाच लिटरचा कॅन होता, स्वच्छ डिझेलचा. नवी नळी काढली, एक टोक कॅनमध्ये, दुसरं पंपाला. जुना फिल्टर फेकून नवा लावला. पंप बसवला, खुणा जुळवल्या, बोल्ट आवळले. म्हणजे बघा, पंप दुसरा, फिल्टर नवा, नळी नवी, डिझेल स्वच्छ. जुन्या घाणीचा थेंब यायला कुठून वाट?

मग एअर काढायला घेतली. नळीत हवा अडकली असेल तर इंजिन चालू होत नाही. नट थोडं ढिलं करायचं, हातपंप दाबत राहायचा. दहा-पंधरा दाबांत बुडबुडे संपतात.

वीस झाले. तीस झाले. चाळीस झाले. बुडबुडे येतच होते.

साडूने दाबायचं थांबवलं.

बुडबुडे थांबले नाहीत.

फुस्स... मग शांत... मग पुन्हा फुस्स. आणि मधल्या वेळात फेस आत ओढला जायचा. बाहेर. आत. बाहेर. आत. साडूने नटावर बोट ठेवलं, वाटलं कुठून गळतंय ते कळेल. बोट आत ओढल्यासारखं झालं. जानेवारीची थंडी, सगळं लोखंड गार पडलेलं. आणि ती जागा कोमट. ओली. म्हणाला, "भाऊजी, कुणाच्या तरी तोंडात बोट गेल्यासारखं वाटलं."

त्याने घाईने नट आवळलं. बोट पँटला पुसलं, पुसतच राहिला. "शेठ, मी निघतो."

"असं कसं? चालू करून द्या की!" शेठ आतूनच ओरडला.

साडूने बटण दाबलं. पहिल्याच फिरकीत इंजिन लागलं. वरचा बल्ब पेटला. धूर निघाला तो पांढरा, जड, वर जाईना. ओठांवर बसला. साडूने ओठांवरून जीभ फिरवली आणि... नको, ते सांगत नाही.

इंजिन चालत होतं, पण लंगडत. आता सवय वाईट. बेताल इंजिन ऐकून त्याला राहवेना. पंपाचे बोल्ट जरा ढिले केले, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला.

टक टक टक टक.

आणि त्या टकटकीमागे आणखी काहीतरी. तोंडात गच्च घास असताना माणूस बोलायला जातो ना... तसं. त्याने पंप केसभर इंजिनाकडे वळवला. ठोके जुळले. तो आवाजही जुळला. आणखी केसभर.

"...शे...ठ..."

आणखी केसभर.

याच वेळी त्याच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवला. ओला, जड. साडूला वाटलं, राखणदार. डोळे न उघडताच म्हणाला, "थांबा काका, ऐकू द्या."

"साहेब," राखणदाराचा आवाज आला. समोरून.

साडूने डोळे उघडले. म्हातारा समोर, टॉर्च दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. शेठ दारात.

पाठीवरचा हात तसाच.

मागे वळायची हिंमत झाली नाही. कानातला आवाज आता लख्ख. इंजिन जुळलं होतं. आयुष्यात इतकं नीट जुळवलं नसेल. साडू ऐकत गेला आणि जे ऐकलं ते त्याच्या तोंडून बाहेर पडत गेलं.

"शेठ... आच बंद करा... मी आत आहे... शेठ, बघताय काय... आच बंद करा..."

शेठचा चेहरा त्या चरबीसारखा झाला.

साडूने इंजिन बंद करायचा दांडा ओढला. बंद होईना. कॅनमधली नळी उपटली. डिझेल जमिनीवर सांडलं. इंजिन चालूच. थेंब नाही पोटात, तरी चालूच. नळ्यांच्या तोंडांशी पांढरं वेटोळं येऊ लागलं. नव्या पंपातून. गरम, वाफाळतं.

आणि शेठ मटकन खाली बसला. त्या घाणीत, पांढऱ्या शर्टानिशी. लहान पोरासारखा रडत म्हणाला,

"घसरला हो तो... आच बंद केली असती तर घाणा वाया गेला असता... मला वाटलं, संपलाच असेल... पण त्याचा साबण नाही हो करवला माझ्याने! देवाशप्पथ नाही करवला! म्हणून... म्हणून टाकीत..."

इंजिन थांबलं.

पाठीवरचा हात उचलला गेला.

बल्ब विझला. शांत. कुठेतरी थेंब पडत होता. टप्... टप्...

साडू तिथेच ओकला. पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिला. मग त्याने जुना पंप उचलला, त्यातल्या सायीसकट, केसांसकट, आणि राखणदाराला स्कूटरवर मागे बसवून थेट पोलीस ठाणं गाठलं. साहेबाच्या टेबलावर पंप ठेवला आणि म्हणाला, "हा माणूस आहे." आधी त्यालाच दारू प्यायलास का विचारलं. मग म्हाताऱ्याने चपलांचं सांगितलं. पहाटे टाकी रिकामी केली. शेठ तुरुंगात आहे अजून. जे काही सापडलं ते कढईवाल्याच्या मुलाने नेलं. लहानशा डब्यात मावलं.

साडूने पंपाचं काम त्या दिवसापासून सोडलं. आता कुलपं दुरुस्त करतो.

राहिला तो साडूचा शर्ट. पाठीवर पंजा उमटलेला, पाच बोटं, स्पष्ट. पोलिसांनी शेठच्या हाताशी जुळवला, राखणदाराच्या हाताशी जुळवला. जुळला नाही. शर्ट परत दिला. मेहुणीने तो नुसत्या पाण्यात बुडवला. साबण लावलाच नाही, घरात साबण ठेवायचाच बंद केलाय त्यांनी. पंजा गेला नाही.

परवा गेलो होतो त्यांच्याकडे. मला खोटं वाटायचं, म्हणून मेहुणीने तो शर्ट काढून माझ्यापुढे धरला. तीन वर्षांचा वाळलेला, कडक. तिने त्यावर गार पाणी शिंपडलं.

बाकी शर्ट नुसता भिजला. पंज्याच्या जागी, फक्त पंज्याच्या जागी... फेस आला.

मी बोट लावून पाहिलं.

कोमट होता.